सोमवारच्या सहीआधी

प्रिय संयोगिता,

सासूचं पत्र बघून तू दचकशील. फोन केला नाही, कारण ऋतुराज हल्ली माझा फोन रोज चाळतो. सोमवारी कौटुंबिक न्यायालयात तू तडजोडीवर सही करणार, संरक्षणाचा अर्ज मागे घेणार आणि मंगळवारी बावड्याला नांदायला येणार, असं तो सगळ्यांना सांगत सुटला आहे.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी तुला केक शिकवला, आठवतं? आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर ग्रेसची कृती, कुकरमध्ये वाळू घालून. मिश्रण फेटताना तुझ्या दंडावरचा निळा डाग मला दिसला. मी तुझी बाही खाली ओढली आणि साखर किती घालायची तेच सांगत राहिले.

आता ऋतुराज फारच गोड झालाय. तुमच्या खोलीला तुझ्या आवडीचा अबोली रंग दिलाय. "बघ की मम्मी, राणीगत ठेवतो आता तिला," म्हणाला. मला बरं वाटलं. पण काल फरशी पुसायला गेले, तर दाराची आतली कडी काढलेली. भोकं पुट्टीनं बुजवून वर रंग. बाहेरची कडी मात्र नवी, चांगली जाड. विचारलं तर हसला. "गंजलीती. तुला काय करायचंय? केक कर जा." गंजली कशी असेल? त्या कडीला दर महिन्याला मीच तेल घालत होते.

म्हणून सांगते, सोमवारी समुपदेशक बाईंना आधी एकटी भेट. त्या नवरा-बायकोला वेगवेगळं भेटतातच. म्हणावं, सहीआधी घर बघायला या. त्यांना घरी येता येतं. आणि अर्ज मागे घेऊ नकोस, बाळा.

गेल्या महिन्यात त्याच बाईंनी मलाही एकटीला बसवून विचारलं होतं. "मॅडम, आमच्या घरात असलं काही नाही," असं मी शांतपणे सांगितलं. बाहेर आल्यावर ते ऋतुराजला सांगितलं, त्यानं तुझ्या वडिलांना ऐकवलं, आणि ते तडजोडीला तयार झाले. मी खोटं बोलले होते, संयोगिता. सोमवारी साडेदहाला मी कोर्टात येतेय. बाईंना खरं सांगणार आहे, त्याच्यासमोर सांगायला लागलं तरी. त्यानंतर मला त्या घरी परत जाता येणार नाही. जयसिंगपूरला, तुझ्या माहेरी, मला थोडे दिवस ठेवून घ्याल का?

तुझीच,
मम्मी