साडेनऊ सीसी गेले कुठे

३ एप्रिल
मी शिकवते त्या शाळेच्या प्रयोगशाळेतून ब्युरेट आणली. बाबांच्या गाडीच्या इंजिनाचं हेड टेबलावर उलटं ठेवलं, व्हॉल्व्ह आणि प्लग बसवलेले, वर भोक पाडलेलं अ‍ॅक्रिलिक ग्रीसने चिकटवलं. रॉकेल सोडत गेले. पेट्रोल जळतं तो चेंबर भरला चोवीस सीसीत. गाडीच्या पुस्तकात साडेतेहेतीस. पुन्हा मोजलं. चोवीसच. चारही तसेच.
गॅस्केट वगैरे धरून पिस्टनच्या वर जागा उरते साडेतीस, सिलिंडर २८० (यंदा घासून वाढवला, मूळचा २७२). काँप्रेशन रेशो १०.२. या इंजिनाला हवा ७.८. जळगावच्या उन्हात साध्या पेट्रोलवर पिस्टन फुटणार, दुसरं काय!
सुपडू मिस्तरीला हेड फक्त सपाट करायला दिलं होतं. जास्त कापलं की चेंबर लहान होतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, हीच गाडी चालवत धुळ्याला माहेरी जायचं ठरवलंय. बाबा म्हणाले, "ये. पण पुन्हा फोडू नकोस." लग्नाआधी पारोळ्याजवळ माझ्या हातात इंजिन गेलं. गाडी शेडमध्ये गेली, मला किल्ली बंद. बावीस वर्षं झाली, यंदा मीच दुरुस्तीला मागून आणली, टोमणा ताजा.

४ एप्रिल
मिस्तरीच्या दुकानात जाऊन सगळ्यांसमोर ओरडले.
"ताई, मी दहा थाऊच काढेल शे."
"मग बाकीचं काय उंदरांनी खाल्लं?"
तो पुन्हा कामाला लागला. बरं वाटलं. घरी येऊन हिशेब केला. दहा थाऊ म्हणजे पाव मिलिमीटर, जेमतेम एक सीसी. इथे साडेनऊ गायब. खोटारडा, नाहीतर...

६ एप्रिल
सुपडूभाऊ स्वतः घरी आला, तारेचा ब्रश घेऊन. हेडची बाजू घासली. जुन्या काजळीखाली पंच निघाला. मिस्तरी लोक काम झालं की आपल्या दुकानाची खूण मारतात, महिना-सालासकट.
"हाऊ पंच मना नही शे. धुळ्याना शे. गॅसवर चालवाले बठ्ठा असंच कापतस." गॅसला जास्त काँप्रेशन चालतं, म्हणून सगळे हेड असंच कापून घेतात.
महिना पाहिला. पारोळ्याच्या दोन महिने आधीचा. तेव्हा गाडी दादाकडे होती.
चहा न घेता गेला. माझ्या तोंडून 'चुकलं' निघालं नाही. लाज वाटते.

७ एप्रिल
दादाला फोन. सरळ कबूल केलं! गॅस किट लावलं होतं, हेड कापून घेतलं होतं. नंतर किट काढलं.
"आणि कापलेल्या हेडवर पेट्रोल घालून गाडी माझ्या हातात दिलीस?"
"मला काय माहीत फुटेल म्हणून."
"बाबा मला बोलत होते तेव्हा शेजारीच उभा होतास."
"सांगितलं असतं तर मला मारलं असतं." आणि हसला. हसला!
फोन ठेवला.

९ एप्रिल
तेव्हाचा रेशो काढला, सिलिंडर वाढवायच्या आधीचा, २७२; चेंबर पंचवीस धरून. ९.६. भर उन्हात, चढावर. मी काहीही केलं असतं तरी पिस्टन फुटलाच असता.
सुपडूभाऊच्या दुकानात गेले. ओरडले सगळ्यांसमोर, माफीही सगळ्यांसमोर. "ऱ्हाऊ द्या ताई," म्हणाला आणि लगेच कामाचं बोलला. हेडखाली जाड तांब्याची पट्टी बसवून पाहू, म्हणे. नाहीतर जुनं हेड शोधायचं. आखाजीपर्यंत होईल का, सांगता येत नाही.
दादाचा फोन. "बाबांना सांगू नको. ते माझ्याकडे राहतात. या वयात रोज माझ्याच ताटाला ताट लावून बसायचंय त्यांना."
मग मी काय आयुष्यभर 'गाडी फोडणारी' राहू? संतापाने रडायला आलं. पण दादाचं म्हणणं अगदीच खोटंही नाही, आणि त्याचाच जास्त राग येतो.

११ एप्रिल
बाबांचा फोन, दुपारी. "झालं का इंजिन?"
"नाही. काँप्रेशन चुकलंय."
"तूच काहीतरी केलं असशील."
मागे दादा खोकला. स्पीकर चालू होता म्हणजे.
बाबा दुसऱ्याच्या आकड्यावर कधीच विश्वास ठेवत नाहीत, स्वतः मांडून बघतात.
"बाबा, कागद-पेन्सिल आहे जवळ?"
"आहे."
"लिहा. जुना सिलिंडर, दोनशे बहात्तर."
पलीकडे दादा म्हणाला, "बाबा, जेवण वाढलंय."
"थांब रे. लिहिलं. पुढे?"