दारातली भाड्याची गाडी

व्हर्नन,

दारातली निळी गाडी भाड्याची आहे, आपली दुरुस्त होईपर्यंत आणलीय. काउंटरवरची बाई वेगळा विमा गळ्यात मारत होती, म्हणून मी आपल्या एजंटला, डॉटीला, फोन लावला. ती म्हणाली, "अगं, तुमचाच विमा या गाडीलाही चालतो. व्हर्ननने चालवली तरी चालतो." मग मी चालक म्हणून तुझंही नाव घातलं.

ते हरीण आडवं आल्यापासून तू स्टिअरिंगला हात लावलेला नाहीस. मी विषय काढला नाही, आणि आताही वाद घालत नाही. रूथच्या गाडीतून चर्चच्या जेवणाला चाललेय. किल्ली टेबलावर आहे. संध्याकाळी मला न्यायला ये. मला परत सोडायचं नाही, असं रूथला बजावलंय. सावकाश ये, मी चर्चच्या पायरीवर बसलेली असेन.

ग्वेन