नानी की नॅनी

अल हैल, मस्कत

महेक,

शनिवार, ९ ऑगस्ट, संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटं, तुझ्याकडे सकाळ. तुझ्या अमेरिकेतल्या विद्यापीठात सोरॉरिटी नावाचं मुलींचं मंडळ आहे. तिथे निवड व्हावी म्हणून तू व्हिडिओ कॉलवर माझ्याशी गप्पांचा सराव करत होतीस. रूममेट डोकावली. तू म्हणालीस, "माझी नानी." तिला ऐकू आलं ‘नॅनी’, म्हणजे मुलं सांभाळणारी पगारी आया.

"किती गोड! अजून तुमच्याकडेच कामाला आहे?"

"हो. अठरा वर्षं झाली."

कॉन्व्हेंटात सिस्टरनी माझे उच्चार घासूनपुसून घेतले, पुढे तीस वर्षं मी इंग्रजी शिकवलं. चूक त्या पोरीच्या कानांची होती, एका वाक्यात सुधारता आली असती. तू सुधारली नाहीस. आणि तुझं खोटं उघडं पडू नये म्हणून मी तिला हसून म्हणाले, "गुड मॉर्निंग, मिस."

निवड अजून आठवडाभर चालेल. तोवर हे पत्र पाठवत नाही. तुझा चेहरा उतरलेला त्या मुलींना दिसायला नको. नंतरही पाठवेन की नाही, ठाऊक नाही.

तरीही मला ३१ ऑगस्टच्या आत लेखी उत्तर हवं आहे, मेसेज चालणार नाही: ते ‘हो’ म्हणताना तू जराही अडखळली कशी नाहीस?

तुझ्या आईची आई,
दिलशाद