बायकांच्या बाजूची रांग

३ फेब्रुवारी
संकल्प. यंदा तंत्रज्ञान परिषदेत बायकांच्या स्वच्छतागृहापुढे रांग लागली पाहिजे. गेल्या वर्षी ह्यांच्याबरोबर गेले होते. पुरुषांची रांग जिन्यापर्यंत. बायकांच्या बाजूला मी एकटी आणि संयोजकांनी रचून ठेवलेल्या जादा खुर्च्या. इकडे कोणी फिरकत नाही म्हणे. हे हसून म्हणाले, घे, तुझ्यासाठी वेगळं सभागृह. उन्हाळ्यात ते गेले. मोबाईल दुरुस्तीचं दुकान आता मीच बघते. बायकांना परिषदेला नेणंही मीच बघणार.

७ फेब्रुवारी
संयोजकांना फोनवर ठणकावलं, व्यासपीठावर एक तरी बाई हवी. ते म्हणाले, मग काकू, तुम्हीच बोला. पाण्यात पडलेल्या फोनवर, दहा मिनिटं. हो म्हटलं. अर्थात, दुसऱ्या कुणाला तरी संधी द्यायची म्हणून. मला भीती वगैरे नाही. दुकानात बोलायचं काम ह्यांचं आणि मागे बसून सोल्डरिंग माझं, एवढंच.

९ फेब्रुवारी
समोरच्या शिंपीणबाईंना संधी दिली. शिलाई मशीन हेही तंत्रज्ञानच, हे पटवून दिलं. त्यांना पटलं. म्हणाल्या, ऐकायला येते, बोला तुम्ही. माझ्या तोंडात दिवसभर टाचण्या असतात.

१२ फेब्रुवारी
सुनेला संधी दिली. सॉफ्टवेअर कंपनीत आहे, मीटिंगमध्ये तावातावाने भांडते. तर म्हणाली, आई, तुम्ही सगळ्यांना पाण्यात ढकलताय आणि स्वतः काठावर टॉवेल घेऊन उभ्या. मी मैत्रिणींना आणते, तुम्हाला ऐकायला. आजकालच्या मुलींना संधीची किंमत नाही.

१५ फेब्रुवारी
वाचनालयातून भाषणकलेचं पुस्तक आणलं. एका बैठकीत वाचलं. सोपं आहे. आरशासमोर उभं राहून बोलायचं. आरशात मागच्या भिंतीवरचा ह्यांचा फोटो दिसतो. नमस्कारापर्यंत छान गेलं. मग आरसा पुसायचा राहिलाय हे लक्षात आलं. आरसा पुसला. फोटोही पुसला. मग बोलावंसं वाटेना. सराव उद्यापासून.

१९ फेब्रुवारी
सराव नाही. दुकानात गिऱ्हाईक होतं. चार्जरची किंमत विचारून गेलं, पण होतं.

२१ फेब्रुवारी, सकाळ
आज परिषद. घसा बसल्यासारखा वाटतोय. सुनेने टॉर्च लावून बघितला. काही झालेलं नाही म्हणाली. ती काही डॉक्टर नाही.

२१ फेब्रुवारी, संध्याकाळ
खुर्च्या यंदाही होत्याच. त्यामुळे बायकांच्या बाजूला एकच संडास मोकळा. माझं नाव पुकारायला वेळ होता. शांतपणे एकदा उजळणी करावी म्हणून आत गेले, कडी लावली. फोन पाण्यात पडला की आधी बंद करा. चालू होतोय का, ते बघत बसू नका. सुकवायला तांदळात पुरू नका. बाहेर नाव पुकारलं. अजून एकदा म्हणून बघावं, असं वाटलं. म्हटलं. पुन्हा पुकारलं. मी पाणी ओढलं, म्हणजे कामात आहे हे कळावं. थोड्या वेळाने माईकवर एका गृहस्थांचा आवाज आला. माझ्या दहा मिनिटांत ते बोलत होते. विषय, बायका पुढे का येत नाहीत.

कडी काढली. बाहेर सून, तिच्या मैत्रिणी, शिंपीणबाई आणि मागे रांगेत कितीतरी अनोळखी बायका. एक कधीची ताटकळलेली मुलगी मला बाजूला सारून आत घुसली. बाकीच्या हलेनात. शिंपीणबाई म्हणाल्या, दाराबाहेर सगळं नीट ऐकू आलं हो, फक्त तांदळाच्या पुढचं, तुम्ही पाणी ओढलंत त्या आवाजात गेलं. तेवढं परत सांगा.

खुर्च्यांना टेकून परत सांगितलं. पहिल्यापासून. घसा बरा होता.

घरी आल्यावर ह्यांच्या फोटोपाशी उभी राहिले. बायकांची रांग जिन्यापर्यंत गेली होती, असं ह्यांना सांगितलं. कशामुळे, ते सांगितलं नाही.