आधी तिथली पोट्टी द्या फोनवर

प्रिय आत्याबाई,

आज सकाळी नागपूरच्या एजन्सीतून डोंगरे साहेबांचा फोन आला. हैदराबादला पुन्हा तीन महिन्यांची ड्यूटी आहे, संध्याकाळपर्यंत हो की नाही सांगा म्हणाले. मी काही विचारायच्या आत स्वतःच सुरू झाले, "सिस्टर, खोलीची कडी आतून आहे. रात्रपाळी संपल्यावर गरम जेवण मिळतं. तिथल्या मुलीचा नंबर देतो, बोलून घ्या." आणि मग हळूच म्हणाले, "आज माई नाहीत ना विचारायला." तुम्हाला ते माईच म्हणायचे.

फोन हातात धरून मी रडले हो! तुम्ही गेल्यावर सगळ्यांसमोर रडता आलं नव्हतं, ते आज त्या परक्या माणसाच्या कानात रडले. म्हणून लिहायला बसले. सुनेनं सासूला पत्र लिहावं, तेही आता! तुम्ही असत्या तर म्हणाल्या असत्या, "कायले कागद खराब करून राह्यली वं?"

आठवतं, पहिल्यांदा घाटंजीच्या बाजारात एसटीडीवर आपण दोघी गेलो ते? तुमच्या पिशवीत वांगी, माझ्या पिशवीत सर्टिफिकेटं. मी साहेबांशी अदबीनं बोलत होते, तर तुम्ही रिसीव्हरच ओढून घेतला. "तुमी मालक हा, तुमी चांगलंच सांगान. तिथं काम करून राह्यलेली पोट्टी द्या फोनवर!" साहेब म्हणाले, ती सुरतला आहे. "मंग सुरतले लावा. आमी बसलोच हाओत इथं." बूथवाला हसत होता, मागची रांग ओरडत होती, आणि मला कुठं तोंड लपवू असं झालं होतं. पण शेवटी साहेबांकडून नंबर घेऊन तुम्ही त्या सुरतच्या पोरीला विचारलं, कडी आतून हाय का बाहेरून? आजारी पडली तर कोण पाह्यते तुले? ती पोरगी आधी हसली, मग खरं खरं बोलली. बाप्पा! नर्सिंगच्या कॉलेजात हे कोणी शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या एका एजन्सीनं माझी मूळ सर्टिफिकेटं ठेवून घ्यायची म्हटली, तेव्हा तुम्ही मला हाताला धरून जिना उतरवलात. "झेरॉक्स घे म्हणा. खरे कागद देणं म्हणजे आपला हात बांधून देणं हाय." चांगलं हॉस्पिटल गेलं म्हणून मी फुगून बसले, तर तुम्ही एसटीत शेंगदाणे सोलून माझ्या ओंजळीत टाकत राहिलात.

त्या वर्षी कापूस घरात पडून होता, भाव मात्र उठत नव्हता. माझ्या श्रुतीचे बाबा बोलायचेच बंद झाले होते. गावात कोणाच्या घरी कोणी जीव दिल्याचं ऐकू येईल, याची धास्ती वाटायची. तेव्हा तुम्हीच म्हणालात, "कापूस काही आपल्याले पोसून नाही राह्यला. तुह्या हातात हुनर हाय, तू जाय. पोरीले मी पाह्यतो." शेजारची काकू म्हणाली, सुनेला परमुलखात धाडते ही! तुम्ही तिथल्या तिथं सुनावलंत, "ताप आला का कोणाच्या दारात येतं वं तू?" आज श्रुती शाळेत शिकते आहे, तिचे बाबा पुन्हा हसतात, आणि मला चार गावं सिस्टर म्हणून ओळखतात. हे सगळं तुमचं आहे.

पण एका गोष्टीचा राग आहे, सांगूनच टाकते. तुम्ही आजार लपवलात काहून? दर रविवारी फोनवर दोन वाक्यं झाली की "घे, पोरीशी बोल" म्हणायच्या. खोकला मला ऐकू येऊ नये म्हणून! लेकाला शपथ घातलीत, ड्यूटी अर्धी सोडून ती येईल, सांगू नको. अहो, मी तिथं हैदराबादला दुसऱ्याच्या सासूला टेकू देऊन बसवत होते, तिची पाठ पुसत होते, आणि इथं तुमची छाती भरत चालली होती. नुसता तुमचा श्वास ऐकला असता तरी मला कळलं असतं. शेवटी निरोप आला तेव्हा निघाले, पांढरकवड्याला उतरून ट्रकमध्ये बसून गावात पोचले, तोवर सगळं आटोपलं होतं.

आत्याबाई, तुम्ही एजन्सीला सगळं विचारलंत. माझी खोली, माझं जेवण, माझा ताप. घरी कोणी आजारी पडलं तर सुनेला सोडाल का, एवढं मात्र कधी विचारलं नाही. स्वतःसाठी मागायची सवयच नव्हती तुम्हाला.

मघाशी मी फोन करून साहेबांना तेच विचारलं. म्हणाले, "असं कोणी कबूल करत नाही, सिस्टर." मी म्हटलं, मग राहू द्या. फोन ठेवला आणि डब्यातले पैसे मोजायला बसले, कारण घराला या ड्यूटीची गरज आहे, तुम्हाला माहीतच आहे. अर्ध्या तासानं त्यांचा फोन आला. हॉस्पिटलशी बोलले होते. घरून फोन आला की त्याच दिवशी सोडतील म्हणाले.

तर मी जाते. श्रुतीचे बाबा पोरीला पाहणार आहेत, वेणी घालायला आजपासूनच शिकताहेत. दोघांकडून कबूल करून घेतलं आहे, घरात साधी शिंक आली तरी मला कळवायचं. आणि तुम्हाला शब्द देते, घरून फोन आला की मी हातातलं काम दुसरीला सोपवून निघेन. कोणाच्याही शपथेचं ऐकणार नाही. तुमच्याही.

तुमच्या वेळी आले असते हो. नुसतं सांगायला पाहिजे होतं.

तुमच्या हातानं घडलेली,
वंदना