तांदळाच्या डब्यातला रोटर

अहो,

कळंबला माझी अम्मी अंगणात पडली, मांडीचं हाड मोडलंय म्हणं. तुमचा फोन बंद लागतोय, म्हणून मीच ॲम्बॅसिडर घेऊन निघाले. मागच्या लांब सीटवर तिला आडवं निजवून बारामतीच्या दवाखान्यात आणते.

गाडी कुणी चालू करू नये म्हणून तुमी तिच्या इंजिनातला ठिणगी वाटणारा रोटर काढून तांदळाच्या डब्यात लपवता. ह्या घरात तांदूळ कोण काढतं, त्याचा तरी इचार करायचा! तीन वर्षं बघतेय, बोलले न्हाय. तो बसवायला आन् गाडी चालवायला लग्नानंतर तुमीच शिकवलं होतं.

गाडी बाहेर काढताना तिला काय झालं ते फाटकाला लागलेल्या रंगावरून कळंल. फोन कराल तवा आधी अम्मीचं विचारा.

फरजाना