निळ्या मण्याआडची बाळंतीण

अंकारा, एप्रिलअखेर

आदरणीय रेफिकमामा,

तुमचा हात आधी ओठांना, मग कपाळाला. गुडघे कसे आहेत, सॅमसुनची दमट हवा सोसते का, तुमची लेक सेविलताई जेवणात मीठ घालू देते का, हे सगळं नीट विचारलंय असं समजा. डोळ्यांचं विचारत नाही. ते विचारलं की तुम्ही फोन ठेवता, म्हणून तर पत्र. (हे सेविलताईच वाचून दाखवणार. ताई, तुझं नाव आलं की आवाज चढवू नकोस.)

डिसेंबरात तुम्ही म्हणालात, "मोतीबिंदू काढून बघायचं काय? हवामानाच्या बातम्या? आधी तळ्यावरची हंसी घरट्यात बसलेली असताना तिचा फोटो आण, मग ऑपरेशनचं बघू." तीस वर्षं तुम्ही त्या तळ्याकाठी उभं राहून अर्ध्या अंकाराचे फोटो काढलेत, आणि प्रत्येकात हंस कुणाच्या तरी खांद्यामागे अर्धा कापलेला. पेरिहानमामी त्यावरून टोमणे मारायची, की जगातल्या सगळ्या नवरी मुलींचे फोटो काढून झाले, या एका बाळंतिणीला मात्र तुझ्याकडे वेळ नाही. मी "आणतो" म्हणालो. तुम्ही तुमचा जुना कॅमेरा माझ्या गळ्यात घातलात, "रोल आतच आहे," म्हणालात आणि भिंतीकडे तोंड करून झोपलात.

मी लगेच निघालो होतो, खोटं नाही. पण वाटेत बसमध्ये प्रवाशांच्या हातावर कोलोनचं सुगंधी पाणी शिंपडायची नोकरी मिळाली, तीत हिवाळा गेला. मग कोन्याजवळ एका मित्राच्या मेंढ्या सांभाळल्या (त्यातली एक हरवली, पण ती स्वतःहून परत आली, त्यामुळे ते सांगण्यासारखं नाही). एप्रिलमध्ये तळ्यावर पोचलो तर सगळं तसंच. तुमचा बाक तसाच. मामी बसायची त्या टोकाला अजून कुणी फारसं बसत नाही, आणि फटीत तीळ अडकलेले आहेत. ते तिच्याच सिमितचे, त्या तिळाच्या गोल पावाचे, नसणार, हे मला कळतं. तरी मी नखाने एक काढून खाल्ला.

पहिला आठवडा बदकात गेला. चहावाल्या एक्रेमच्या जिरेनियमच्या कुंडीत एका बदकिणीने नऊ अंडी घातली आहेत, त्यामुळे शेजारच्या टेबलावर गिऱ्हाइकांना कुजबुजत बोलावं लागतं आणि चमचा ग्लासात वाजवायला बंदी आहे. मी कोपर टेकवलं आणि ती चावली. एक्रेम मलाच ओरडला, तोही कुजबुजत, "माणसासारखा बस ना! घर आहे तिचं!"

हंसीचं घरटं पलीकडच्या काठाला, जाळीच्या कुंपणाआड. कुंपणाला लाल फीत, आणि फितीशेजारी खुर्ची टाकून मुझेय्यनमावशी. (तुमच्या ओळखीची. तिच्या तीन मुलींच्या लग्नाचे फोटो तुमचेच, धाकटीचे डोळे मिटलेले आले म्हणून अजून राग आहे.) मी कॅमेरा उचलला मात्र, ती कडाडली, "खाली कर! चाळीस दिवस झाल्याशिवाय बाळंतिणीचा फोटो? मेल्या, तुझ्या आईने तुझा काढू दिला होता का?"

"मावशी, ती अजून बाळंत कुठे झालीय? अंड्यांवर बसलीय."

"अंडी घातली ना? मग झाली!"

आणि बाळंतिणीच्या घरी आलेल्या पाहुण्याला देतात तसं लालभडक सरबत थर्मासमधून ओतून माझ्या हातात दिलं. चार दिवस मी सरबत पीत होतो आणि फोटो काढत नव्हतो. पाचव्या दिवशी तुमच्या डोळ्यांचं सांगितलं. मग स्वतःच्या उशीचा निळा मणी सोडून आणला, लाल दोऱ्याने कॅमेऱ्याला बांधला आणि म्हणाली, "आता काढ. दृष्ट लागली तर मण्याला लागेल. आणि प्रत्येक वेळी माशाल्लाह म्हण, मला ऐकू येईल असं."

मामा, मी बत्तीस वेळा माशाल्लाह म्हटलं. तिची मान पंखात, चोचीने एक काडी उचलून अंड्यांभोवती नीट लावणं, सगळं टिपलं. सतराव्याला नर हंसाने कुंपणावरून झेप घेतली, मी गुडघाभर पाण्यात गेलो, पण कॅमेरा डोक्यावर धरून, तुम्ही शिकवलंत तसा.

पण तुमच्या कॅमेऱ्यात डोळा लावायची खिडकी वेगळी आणि भिंग वेगळं. खिडकीतून मला हंसी दिसत होती. भिंगाला मणी दिसत होता. रोल धुणाऱ्या माणसाने फोटो टेबलावर पसरले आणि आदराने विचारलं, "भाऊ, हे ग्रहण कुठलं?" बत्तीस फोटो, बत्तीस निळे गोळे, कडेला थोडी पिसं. मुझेय्यनमावशी मात्र खूश आहे. म्हणते, बघ, दृष्ट कशी अडवली.

म्हणजे दिलेला शब्द मोडला. क्षमा असावी. मोठ्यांच्या हातांना आणि लहानांच्या डोळ्यांना माझे मुके.

तुमचा, अजून कुठेच न टिकलेला भाचा,
तुंजाय

ता. क. : तीन निळे गोळे सोबत जोडले आहेत. उजेडाकडे धरा, तुमच्या नजरेला फार फरक वाटणार नाही.

ता. क. २ : रोल छत्तीसचा होता. कॅमेऱ्यातला आकडा चारपासून सुरू झाला, तो बिघडलाय असं मी समजलो. बिघडला नव्हता. पहिले चार तुम्ही काढलेले आहेत, मामीच्या त्या शेवटच्या वसंतातले. रंग उडून तांबूस झालेत. तिसऱ्यात मामी बाकावर आहे, सिमित मोडताना तुम्हाला काहीतरी सुनावतेय. आणि तिच्या खांद्यामागे, जराही न कापलेली, घरट्यात बसलेली हंसी. तुम्ही काढला होता, मामा. तुमचं लक्ष मामीकडे होतं, इतकंच.

ता. क. ३ : तो फोटो पाकिटात घातलेला नाही. शोधू नका. ताई, पाकीट झटकू नकोस. डॉक्टरांची तारीख घ्या, पट्टी सुटली की बस पकडा. तोवर पिल्लंही निघतील. मी बाकावर आहे, मामीच्या नाही, दुसऱ्या टोकाला. कुठे जात नाही. वर सहीआधी मुके वाटताना चूक झाली. डोळ्यांचे मुके तुम्हाला.